रिबेस झाला, पुश होईना, आणि आता प्रत्येक कमिट दोनदा

खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करणारा ओळखीतला एक पोरगा आहे, कामाला लागून दोन वर्षं झाली असतील. त्यानं विचारलंय: "दादा, ई-वे बिलाची ब्रँच तीन आठवडे चालली होती. मेन बरीच पुढं गेली म्हणून काल रिबेस केला. कॉन्फ्लिक्ट सोडवता सोडवता दोन तास गेले. झाला एकदाचा, खरं पुश होईना. गिटच म्हणतंय आधी पुल कर. केला पुल, तर तेच कॉन्फ्लिक्ट परत. तेपण सोडवले. आता लॉग बघतो तर माझ्या अकरा कमिट बावीस झाल्यात. छपाई बघणारी ताई कधीमधी याच ब्रँचवर पुश करते, आणि तिची स्वतःची ब्रँच यावरूनच काढलीय. सर म्हणतात रिबेसच्या नादाला लागायचंच नाही, मर्ज करायचं. माझं चुकलं कुठं?"

(बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. आणि या धंद्यात नवीन असणाऱ्यांसाठी: गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. कमिट म्हणजे त्यात नोंदवलेला एक बदल, ब्रँच म्हणजे अशा कमिटचा वेगळा धागा, 'मेन' हा मुख्य धागा. पुश म्हणजे आपल्या कमिट सर्व्हरवर पाठवणं, पुल म्हणजे तिथल्या आणून आपल्यात मिसळणं. मर्ज म्हणजे दोन धाग्यांची गाठ मारणं, रिबेस म्हणजे आपला धागा मेनच्या ताज्या टोकावर नव्यानं बसवणं. एकाच जागी दोघांचे वेगळे बदल आले की कॉन्फ्लिक्ट. ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद.)

तुझा रिबेस बरोबर होता. चुकला तो त्यानंतरचा पुल. पुश नाकारताना गिट 'आधी पुल करा' असं सुचवतं, ते नेहमीच्या प्रसंगासाठी ठीक आहे: दुसऱ्या कुणी काही पाठवलंय आणि तुझ्याकडं ते नाही. रिबेसनंतर पुश अडतो तो वेगळ्याच कारणानं, आणि गिटला हे दोन प्रसंग वेगळे ओळखता येत नाहीत. या खड्ड्यात आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण एकदा पडलाय. मी दोनदा.

आधी पसारा आवरूया, कारणं मग. आज्ञा इथं नागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या हे तुला सांगायला नको.

अर्धवट काम पडलं असेल तर ते कमिट कर नाहीतर स्टॅशमध्ये, म्हणजे तात्पुरतं बाजूला, ठेव, कारण पुढची एक आज्ञा ते पुसून टाकणारी आहे. मग आत्ता जी अवस्था आहे तिला नाव दे: 'गिट ब्रँच गोंधळ'. याला काही पडत नाही. ब्रँच म्हणजे एका कमिटवर चिकटवलेली चिठ्ठी, बाकी काही नाही. आता 'गिट रिफ्लॉग' बघ, म्हणजे तू कधी कुठल्या कमिटवर होतास त्याची नोंदवही. वरती मर्जची कमिट दिसेल, ती पुलनं करायला लावलेली. तिच्याखाली 'रिबेस फिनिश' अशी ओळ असेल. तुला तिथं जायचंय. त्या ओळीच्या सुरुवातीचा सातेक अक्षरांचा आकडा उचल आणि 'गिट रीसेट --हार्ड' च्या पुढं लाव. बावीसच्या अकरा होतील आणि दोन तास बसून सोडवलेले कॉन्फ्लिक्ट सोडवलेलेच राहतील.

लगेच पुश करू नकोस. रिफ्लॉगमध्ये आणखी खाली जा, 'रिबेस स्टार्ट'च्याही खाली. तिथं रिबेसआधीचं तुझं जुनं टोक, म्हणजे तेव्हाची ब्रँचची शेवटची कमिट, मिळेल. तो आकडा कागदावर लिहून ठेव, शेवटी परत लागणार आहे. आता 'गिट लॉग जुनं-टोक..ओरिजिन/ई-वे-बिल' कर ('ओरिजिन' म्हणजे सर्व्हर). काहीच आलं नाही तर उत्तम. काही आलं तर ते ताईचं काम आहे, तुझ्या रिबेसमध्ये ते कधी नव्हतंच. 'गिट चेरी-पिक' करून ते वर घे, आणि मगच 'गिट पुश --फोर्स-विथ-लीज'.

नुसता '--फोर्स', म्हणजे सर्व्हरवरचं पुसून आपलं बसवणारा, न वापरता 'लीज' का, हे बहुतेकांना माहीत असतं: सर्व्हरवरची ब्रँच तू शेवटची पाहिलीस तशीच असेल तरच ती बदलली जाते. पण 'शेवटची पाहिलीस' हे गिट ठरवतं ते तुझ्या मशीनवरच्या 'ओरिजिन/ई-वे-बिल' या नोंदीवरून, आणि कालच्या पुलनं ती नोंद ताजी केलीय. ताईनं मधे काही पाठवलं असेल तर तेही त्या नोंदीत आलंय, तू डोळ्यानं बघितलं असो वा नसो. म्हणजे लीज तुला खुशाल जाऊ देईल आणि तिचं काम उडेल. काही एडिटर मागच्या मागं दर काही मिनिटांनी फेच करत असतात, म्हणजे सर्व्हरवरचं नवीन काय ते मागवून ठेवतात, तेव्हाही नेमकं हेच होतं. गिट २.३० पासून '--फोर्स-इफ-इन्क्लूड्स' नावाची जोडकडी आली, ती आणखी एक प्रश्न विचारते: सर्व्हरवरचं ते टोक तुझ्या ब्रँचच्या रिफ्लॉगमध्ये कधी सामील झालं होतं का? एरवी चांगली राखण आहे. तुझ्या बाबतीत तीही आंधळी, कारण पुलच्या मर्जमध्ये ते टोक सामील होऊन गेलंय. म्हणून हातानं बघ म्हणतोय.

आता बावीस का झाल्या. हे मी नेहमी उद्यमबागेतल्या (बेळगावची कारखान्यांची वसाहत) फौंड्रीवरून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यावरून, सांगतो, कारण आमचं निम्मं गिऱ्हाईक तिथलं आहे आणि समजवायला शेजारच्या शेडपर्यंत चालत गेलं की पुरतं.

भट्टीतून एकदा ओतलेल्या रसाला हीट नंबर असतो. त्या रसातून जेवढी कास्टिंग निघाली त्यांच्यावर तो नंबर येतो, टेस्ट सर्टिफिकेटवर तोच, चलनावरही तोच. आता समज पॅटर्न (साचा करायचा नमुना) तोच आहे, मापं तीच आहेत, पण कास्टिंग आज परत ओतलं. हातात घेतलं तर दोन्हींत फरक कळणार नाही. कागदावर मात्र तो वेगळा माल आहे, कारण हीट वेगळी.

कमिटचा चाळीस अक्षरांचा आकडा हा तिचा हीट नंबर. तो कशातून निघतो? फायलींची त्या क्षणाची अवस्था, लेखक, कमिट करणारा, दोघांच्या वेळा, संदेश, आणि आधीच्या कमिटचा आकडा. हे शेवटचं महत्त्वाचं. पाया बदलला की पहिल्या कमिटचा आकडा बदलतो, तो बदलला म्हणून दुसरीचा, आणि असं करत टोकापर्यंत. 'रिबेस म्हणजे कमिट उचलून दुसरीकडं ठेवणं' असं शिकवतात, तिथूनच घोळ सुरू होतो. गिट काहीही उचलत नाही. दोन ब्रँच जिथून फुटल्या तो बिंदू शोधतं, तिथपासूनच्या तुझ्या कमिटची यादी करतं, मेनच्या टोकावर जाऊन उभं राहतं आणि यादीतली एकेक कमिट परत ओततं. शेवटी चिठ्ठी सोडवून नव्या टोकावर चिकटवतं. जुनी कास्टिंग यार्डातच पडून असतात. रिफ्लॉगमधून ती सापडतात, कुठल्याच ब्रँचवर नसलेल्या नोंदी मुळात ३० दिवस ठेवल्या जातात आणि पोहोचता येण्याजोग्या ९०. म्हणूनच तुझं कालचं सगळं अजून शाबूत आहे.

तर सर्व्हरवर जुन्या हीटच्या अकरा, तुझ्याकडं नव्या हीटच्या अकरा. गिटच्या हिशेबी हा दोन वेगळ्या माणसांचा माल. पुल कर म्हटल्यावर त्यानं दोन्ही गाड्या एकाच शेडमध्ये उतरवून घेतल्या.

(गिऱ्हाइकांवरून आठवलं. पूर्वी एका कोटेशनवर आम्ही इंग्रजीत लिहिलं होतं की सगळा सोर्स कोड गिटमध्ये राहील. कारखान्याचे मालक वाचून म्हणाले, "जीआयटीत? माझा पुतण्यापण तिथंच शिकतोय की." उद्यमबागेत त्या तीन अक्षरांचा अर्थ गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे कॉलेज, दुसरा कुठला लावायचा? तेव्हापासून कोटेशनवर 'व्हर्जन कंट्रोल' लिहितो.)

रिबेस करताना आणखी एका ठिकाणी भलेभले फसतात, ते म्हणजे 'अवर्स' आणि 'देअर्स'. मर्जमध्ये 'अवर्स' म्हणजे तू उभा आहेस ती ब्रँच. रिबेसमध्येही व्याख्या तीच आहे, पण गिट तेव्हा मेनच्या टोकावर उभं असतं आणि तुझ्या कमिट पाहुण्यासारख्या एकेक येत असतात. त्यामुळं 'आमचं' म्हणजे मेन आणि 'त्यांचं' म्हणजे तू स्वतः लिहिलेलं. कुठलं आमचं नि कुठलं त्यांचं, हा वाद सीमाभागातल्या माणसाला नवा नाही, तरी एकदा मी घाईत '--अवर्स' मारून स्वतःचंच दोन दिवसांचं काम फेकलं होतं. आता कॉन्फ्लिक्टची मांडणी 'झेडडिफ३' करून ठेवलीय, गिट २.३५ पासून मिळते. दोन बाजूंच्या मधे मूळ ओळ काय होती तेही दिसतं, आणि मग नावांवर विसंबायला लागत नाही.

तुझे दोन तास कशात गेले असतील याचा अंदाज आहे. लेबलांची फाईल ना? आमच्याकडंही एक होती: प्रत्येक ओळीत एक किल्ली आणि तिचं कन्नड, मराठी, इंग्रजी. नवं लेबल आलं की प्रत्येक जण ते फाईलच्या तळाला चिकटवणार. मेनवर दुसऱ्या कुणी तळाला चार ओळी घातल्या की तुझी तळाला हात लावणारी प्रत्येक कमिट त्याच जागी अडणार. मर्ज हे भांडण एकदाच सोडवायला लावतो, कारण तो फक्त दोन टोकं आणि ती जिथून फुटली तो बिंदू बघतो. रिबेस कमिटगणिक चालतो, म्हणून तेच भांडण नऊ वेळा.

यावर उपाय तीन, आणि मी तिन्ही करतो. पाया बदलण्याआधी जागच्या जागी आवराआवर करायची: 'गिट रिबेस -आय --कीप-बेस मेन'. जुन्याच पायावर यादी उघडते. त्यात 'लेबल राहिलं', 'परत लेबल', 'आता तरी बरोबर' असल्या कमिटपुढचं 'पिक' काढून 'फिक्सअप' (वरच्या कमिटमध्ये मिसळून टाक) लिहायचं आणि त्या आपापल्या खऱ्या कमिटच्या खाली सरकवायच्या. अकराच्या चार झाल्या की मग मेनवर रिबेस. दुसरं, 'रेरेरे' चालू करून ठेवायचं. नाव ऐकून हसू येतं, पण एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तसाच आला की आपणहून सोडवतं.  तिसरा उपाय गिटचा नाहीच. आम्ही कन्नड, मराठी, इंग्रजीच्या फायली वेगळ्या केल्या आणि किल्ल्या वर्णक्रमानं लावल्या. आता दोघांच्या नव्या ओळी सहसा वेगवेगळ्या जागी पडतात. भांडणं निम्म्याहून कमी झाली.

खरी भीती कॉन्फ्लिक्टची नाही. कॉन्फ्लिक्ट निदान ओरडून सांगतो. गप्प राहून बुडवतो तो रिबेस वेगळाच, आणि तो तुझ्याच कामाच्या जवळचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये राज्याचा जीएसटी कोड आकडा म्हणून ठेवला होता. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, सगळं सुरळीत. पुढं एका फौंड्रीला दिल्लीचं गिऱ्हाईक मिळालं. दिल्लीचा कोड ०७. आकड्यात ठेवला की पुढचं शून्य गळतं आणि सात उरतं. म्हणून मेनवर एकानं तो कोड मजकूर म्हणून ठेवायचा बदल केला, जिथं जिथं तुलना होती ती सगळी शोधून दुरुस्त केली, टेस्ट चालवल्या. चोख काम. त्याच आठवड्यात दुसरा एक जण वेगळ्या ब्रँचवर नव्या फाईलमध्ये कराची विभागणी लिहीत होता: गिऱ्हाइकाचा कोड २९ असेल तर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९, नाहीतर, म्हणजे परराज्यातल्या विक्रीला, आयजीएसटी १८. जावास्क्रिप्टमध्ये, तीन बरोबरच्या चिन्हांनी, आकड्याशी तुलना करून.

त्यानं रिबेस केला. फाईल नवी, त्यामुळं कॉन्फ्लिक्ट शून्य. गिटनं 'यशस्वी' म्हणून सांगितलं. मजकुरातला २९ आणि आकड्यातला २९ तीन बरोबरच्या चिन्हांना कधीच सारखे वाटत नाहीत, आणि त्याबद्दल ती भाषा चूं करत नाही. राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरकडं जाणाऱ्या मालाला आयजीएसटी लागतोच, ती बिलं बरोबर होती. पण हुबळीच्या, खुद्द बेळगावच्या गिऱ्हाइकालाही आयजीएसटी लागायला लागला. एकूण रक्कम तीच, १८ टक्केच, म्हणून वरवर बघणाऱ्याच्या लक्षात येईना. एका कारखान्यातल्या अकाउंटच्या बाईंनी पहिलंच बिल हातात घेऊन विचारलं, "शहापूरच्या पार्टीला आयजीएसटी कधीपासून?" (शहापूर म्हणजे बेळगावातलाच भाग.)

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मर्ज केला असता तरी हे झालंच असतं. मग फरक काय? मर्जमध्ये त्याच्या मूळ कमिट, ज्या त्यानं स्वतः चालवून पाहिल्या होत्या, तशाच इतिहासात राहिल्या असत्या, आणि बिघाड नेमका मर्जच्या कमिटपाशी दिसला असता. रिबेसनंतर इतिहासात त्याच्या सहा कमिट होत्या, पण त्यातल्या एकाही अवस्थेत तो कोड कधी कुणाच्या मशीनवर चाललेला नव्हता. वर तारीख बघावी तर लेखकाची तारीख जुनीच राहते, कमिट करणाऱ्याची तेवढी बदलते, त्यामुळं लॉगमध्ये वाटतं की हे मागच्या सोमवारी तपासलेलं आहे.

म्हणून आमच्याकडं रिबेस कधी एकटा चालत नाही. 'गिट रिबेस --एक्झेक', त्यापुढं अवतरणात टेस्ट चालवायची आज्ञा, मग 'मेन'. प्रत्येक कमिट ओतून झाली की ती आज्ञा चालते आणि नापास झाली की गिट तिथंच थांबतं. प्रत्येक हीटचा नमुना लॅबमध्ये जातो, तसं. वेळ लागतो, चहा होतो तेवढ्यात. पुढं कधी 'बायसेक्ट' करून, म्हणजे इतिहास अर्धा-अर्धा करत, चूक शोधायची वेळ आली की या चहाची किंमत कळते, कारण मधल्या कमिट चालत्या नसतील तर बायसेक्ट भलतीकडंच नेतं. आणि हो, ज्याच्या टेस्ट नाहीत त्याला एक्झेकचा काडीचा उपयोग नाही. आमचीच कर-विभागणीची टेस्ट त्या बाईंच्या प्रश्नानंतर लिहिली गेली.

तुझ्या सरांचं म्हणणं. निम्मं बरोबर आहे. ३० लोक हात लावतात त्या ब्रँचवर रिबेस करणाऱ्याला मीही ओरडेन. गिऱ्हाइकाकडं बसवलेल्या आवृत्तीची ब्रँच तर देवळासारखी, तिथं चप्पल घालून जायचं नाही: चलन गेलंय, त्यावर हीट नंबर आहे, आता परत ओतून काय करणार? तीन आठवड्यांची, चाळीस कमिटची, दोघा-तिघांनी मिळून लिहिलेली ब्रँच असेल तर मीही मर्जच करतो आणि लॉगमधली गाठ सहन करतो. पण फक्त तुझ्या मशीनवर असलेलं, अजून कुणी न बघितलेलं काम साफ करून, ताज्या मेनवर बसवून पाठवणं यात गैर काय? लायनस टॉरवाल्ड्सनं २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी, आणि तिथं बदल पॅच म्हणून ई-मेलनं जात. पाठवण्याआधी पॅच नीट करणं हा शिरस्ताच होता. एकदा दुसऱ्यानं त्यावर काम बांधलं की मात्र हात लावायचा नाही, हाही तिथलाच.

मर्क्युरियल हा गिटसारखाच दुसरा प्रोग्रॅम, गिटच्याच वयाचा, २००५ चा. त्यात ही शिस्त यंत्रातच घातलीय: प्रकाशित झालेल्या कमिटला 'पब्लिक' असा शिक्का लागतो आणि तिचा रिबेस करायला गेलास तर ते नाही म्हणतं. गिटमध्ये तो शिक्का माणसानं डोक्यात ठेवायचा. आम्ही तो नावात ठेवतो. ब्रँचच्या नावाआधी ज्याचं नाव, तिच्यावर त्याच्याशिवाय कुणी पुश करायचं नाही, आणि तो हवा तेव्हा रिबेस करेल. नाव नसलेली ब्रँच सगळ्यांची, तिथं फक्त मर्ज, आणि सर्व्हरवर फोर्स पुश बंद. तुमच्या 'ई-वे-बिल'चं दुखणं हेच आहे, ती कुणाची आहे हे कुणालाच ठाऊक नाही. रोजच्या पुलसाठी 'पुल डॉट रिबेस' ट्रू करून ठेव. तुझ्या न पाठवलेल्या एक-दोन कमिट इतरांच्या वर बसतात आणि रोज सकाळी नुसत्या मर्जच्या कमिटचा कचरा होत नाही.

राहिली ताईची ब्रँच. ती तुझ्या जुन्या टोकावरून फुटलीय, म्हणजे तिच्या पोटात जुन्या हीटच्या तुझ्या अकरा कमिट आहेत. तिनं साधा रिबेस केला तर गिट त्या अकरांनाही तिचाच माल समजेल. ज्यांचा बदल अक्षर न अक्षर तसाच राहिलाय त्या ते ओळखून वगळतं. पण कॉन्फ्लिक्ट सोडवताना तू ज्या बदलल्यास त्या नाही ओळखता येत, आणि तुझी भांडणं तिच्या पदरात पडतात. म्हणून तिला पूर्ण वाक्य लिहून दे: आधी 'गिट फेच', मग 'गिट रिबेस --ऑन्टू ओरिजिन/ई-वे-बिल जुनं-टोक छपाई'. मागून वाचायचं: छपाई ब्रँचमधलं, जुन्या टोकाच्या पुढचं तेवढंच, नव्या ई-वे-बिलावर बसव. कागदावर लिहून ठेवलेला आकडा तो इथं लागतो. मात्र तुझ्या शेवटच्या कमिटनंतर, स्वतःची ब्रँच काढण्याआधी तिनं तुझ्या ब्रँचवर काही पुश केलं असेल, तर जुनं टोक म्हणून त्या पुशचा आकडा घ्यायचा. पुढच्या वेळी दोन्ही ब्रँच एकाच मशीनवर असतील तर '--अपडेट-रेफ्स' बघ, गिट २.३८ पासून आहे. वरची ब्रँच रिबेस केली की मधल्या चिठ्ठ्या आपोआप नव्या जागी जातात.

सगळं झाल्यावर 'गोंधळ' ब्रँच पुसायच्या आधी 'गिट रेंज-डिफ जुना-पाया..जुनं-टोक मेन..ई-वे-बिल' करून बघ. 'जुना-पाया' म्हणजे रिबेसआधी तुझी ब्रँच मेनपासून जिथं फुटली होती ती कमिट. हे जुन्या-नव्या कमिटच्या जोड्या लावून दाखवतं. मधे बरोबरचं चिन्ह असेल ती जशीच्या तशी आलीय, उद्गारचिन्ह असेल तिथं बदल झालाय, तो वाच. डावीकडं तोंड केलेला कोन दिसला तर ती कमिट जुन्यात होती आणि नव्यात आलीच नाही, ती मुद्दाम गाळली होतीस का आठव. नसेल आठवत तर उद्या खानापूरच्या बसनं येताना उद्यमबागेतच उतर, लॅपटॉप घेऊन. साडेनऊपासून मी असतो.